मराठीच्या आधाराने रशियन: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षाचा मार्ग

“सर, आमचं इंग्रजीच कच्चं आहे, रशियन कशी जमणार?” रशियन शिकू पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलामुलींकडून मला हा प्रश्न सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. रशियनला लागणारं अर्धंअधिक व्याकरण तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकून बसला आहात. तीन लिंगं, विभक्ती, ‘तू’ आणि ‘तुम्ही’मधला फरक, ‘मला थंडी वाजते’ अशा घाटाची वाक्यं हे सगळं रशियनमध्ये आहे आणि इंग्रजीत नाही. अडचण एवढीच की बाजारातली पुस्तकं इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली असतात. जे आपल्याला घरचं आहे तेच ती परकं करून शिकवतात. म्हणून पुस्तक इंग्रजीतलं असलं तरी डोक्यात तुलना मराठीशी करायची. पुढचा सगळा लेख याच एका गोष्टीवर उभा आहे.

प्रवेश घेण्याआधी

कशासाठी शिकायचंय, ते आधी ठरवा, कारण त्यावर वर्षभराचा वेग ठरतो. आपल्याकडे साधारण तीन प्रकारचे विद्यार्थी येतात. काहींना रशियात एमबीबीएसला जायचंय. काहींना भाषेतच पुढे एमए, अनुवाद, शिकवणं असं काही करायचंय. तिसरा गट अलीकडे वाढलाय. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे कोच कारखाना आहे, आणि तिथे वंदे भारत स्लीपर गाड्या बांधण्याचं काम भारत-रशिया भागीदारीतल्या कंपनीकडे आहे. त्यामुळे डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मुलंही आता चौकशी करू लागली आहेत.

वर्गाची चौकशी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात करा. फोनवर भागवू नका, जून-जुलैत प्रत्यक्ष जा. यंदा रशियनचा वर्ग भरणार आहे का, सकाळी आहे की संध्याकाळी, बाहेरच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला बसता येतं का, हे तिथेच नीट कळतं. पुण्यात राहायची सोय असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे सर्टिफिकेट आणि डिप्लोमा वर्ग आहेत. नांदेड, लातूर, धाराशिवकडच्यांना हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठही जवळ पडतं. दिल्लीच्या जेएनयूत रशियनचा बीए ऑनर्स अगदी शून्यापासून सुरू होतो. आधी भाषा येण्याची अट नसते आणि प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. बारावीच्या मुलांनी हा पर्याय जरूर पाहावा, ग्रामीण भागात तो फारसा कुणाला माहीत नसतो.

किती वेळ लागेल? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी रशियनला सुमारे ११०० तासांचा वर्ग धरते, तेही चांगलं काम चालवण्याइतकी भाषा यावी म्हणून. हा आकडा बघून घाबरू नका, पण तीन महिन्यांत अस्खलित करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींना बळीही पडू नका. रशियाच्या अधिकृत भाषा-परीक्षेत सर्वांत खालच्या पायरीला सुमारे ७८० शब्द अपेक्षित असतात, दुसरीला १३००, आणि तिसरीला, म्हणजे बी-१ला, २३००. रोज पाऊण तास मनापासून दिला तर पहिल्या वर्षात पहिली पायरी पक्की होते आणि दुसरीवर पाय पडतो. विद्यापीठाच्या सर्टिफिकेटसाठी तेवढं पुरतं.

पहिले पंधरा दिवस: फक्त लिपी

रशियनमध्ये ३३ अक्षरं आहेत: दहा स्वर, एकवीस व्यंजनं आणि दोन चिन्हं, ज्यांना स्वतःचा आवाज नाही. पाच अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात आणि साधारण तशीच वाजतात: अ, क, म, ओ, त. ती एका दिवसात होतात. फसवतात ती दिसायला ओळखीची पण आवाज वेगळा असणारी अक्षरं. इंग्रजी बी दिसतं तो ‘व’, एच दिसतं तो ‘न’, पी म्हणजे ‘र’, सी म्हणजे ‘स’, वाय म्हणजे ‘उ’ आणि एक्स म्हणजे घशातला ‘ख़’. रेस्टॉरंटची रशियन पाटी आपल्या इंग्रजीला सरावलेल्या डोळ्यांना ‘पेक्टोपाह’ दिसते, वाचायची मात्र ‘रिस्तरान’. अशा पाट्यांचे फोटो शोधा आणि मोठ्याने वाचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा वळायला लागतो. बाकीची बहुतेक अक्षरं अगदी नवी दिसतात, आणि नवी असल्यामुळेच सोपी जातात.

मग लगेच हाताने लिहायला घ्या. छापील अक्षरं गिरवत बसू नका. रशियात सगळे जोडून लिहितात, आपल्या परीक्षेतही शिक्षक तेच मागतात. चाररेघी वही घ्या, पहिलीतल्या मुलाची असते तीच. जोडून लिहिण्याच्या वळणात छोटा ‘त’ इंग्रजी एमसारखा दिसतो, ‘द’ जीसारखा, ‘प’ एनसारखा आणि ‘इ’ यूसारखा. एक बारीक गोष्ट पुस्तकं नीट सांगत नाहीत: ‘ल’, ‘म’ आणि ‘या’ ही अक्षरं सुरू करताना खालच्या रेघेवर एक छोटा आकडा (हुक) द्यायचा असतो. तो गाळला की ‘ल’ची ‘इ’ होते आणि ओळीतली सगळी उभी दांडकी एकमेकांत मिसळतात. वहीची चार पानं रोज. दोन आठवड्यांनी हात बसतो.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय पहिल्या आठवड्यानंतर सोडा. या लेखात मी तसे लिहितोय ते केवळ वाचण्याच्या सोयीसाठी. वहीत तेच करत राहिलात तर डिसेंबरात सुद्धा तुम्ही देवनागरीच वाचत असाल. मोबाइलवर रशियन कीबोर्ड याच दिवसांत टाकून घ्या, म्हणजे शब्द शोधताना अक्षरं आपोआप घोटली जातात.

उच्चार: आपल्या जिभेकडे काय काय आहे

मराठी तोंडाला इथे मोठा फायदा आहे. आपला ‘च’ दोन प्रकारे वाजतो: ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला. रशियनमध्ये ही दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. ‘चमचा’तला च हिंदी भाषकाला मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला नाही. ‘जरा’तला ज तर जसाच्या तसा रशियन आहे. ‘श’ आणि ‘ष’ हा भेद आपण बोलताना सोडून दिलाय, तो परत आणा. रशियनमध्ये एक कठीण, मागे ओढलेल्या जिभेचा श आहे, ‘ष’च्या जवळचा, आणि एक मऊ, लांबवलेला, ‘श्श’सारखा. घशातला ‘ख़’ संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या मुलांना कानाने माहीत आहे. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि ‘ख़बर’, ‘ख़र्च’ असे उच्चार आजही शेजारीपाजारी ऐकू येतात. तोच आवाज वापरा.

आता काय टाळायचं ते. रशियनमध्ये ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांपैकी काहीच नाही. आपण इंग्रजी शब्द ‘ट-ड’ने बोलतो, त्यामुळे विद्यार्थी हा शब्द हमखास ‘स्टुडेंट’ होतो. रशियनमध्ये तो ‘स्तुद्येंत’, जीभ दातांना लागलेली. महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेली ख, घ, थ, ध अशी अक्षरंही नाहीत. ‘फ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, ‘फळ’मधला फ चालत नाही.

एक स्वर मात्र कुणाकडेच तयार नसतो. ‘उ’ म्हणायला जीभ मागे न्या, आणि ओठ गोल न करता ‘ई’ म्हणतानासारखे पसरवा. जो ओबडधोबड आवाज येईल तो बरोबर असतो. आरशासमोर करा, लाजू नका.

व्यंजनांचा कठीण-मऊ भेद ही रशियनची खरी ओळख. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, आणि शेवटचा त मऊ केला, जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला, की झालं ‘घेणे’. त्याला पुरता ‘त्य’ करू नका, य स्वतंत्र ऐकू यायला नको.

आघाताकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो ऐकतच नाही. रशियनमध्ये एकाच स्पेलिंगचा शब्द पहिल्या स्वरावर जोर दिला तर ‘ज़ामक’, म्हणजे गढी किंवा राजवाडा, आणि दुसऱ्यावर दिला तर ‘ज़मोक’, म्हणजे कुलूप. जोर नसलेला ‘ओ’ हा ‘अ’सारखा वाजतो, त्यामुळे लिहिताना ‘मोलोको’ आणि बोलताना ‘मलाको’च्या जवळ, खरं तर ‘मलको’, शेवटी जोर. पाठ्यपुस्तकात आघाताची खूण छापलेली असते, वर्तमानपत्रात नसते. नवा शब्द वहीत उतरवताना त्यावर लाल पेनाने खूण करा. खुणेशिवाय शब्द उतरवायचाच नाही, हा नियम करून टाका.

व्याकरण: शाळेतलं मराठीचं पुस्तक परत उघडा

लिंगापासून सुरुवात करा. रशियनमध्ये शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुतेक वेळा कळतं: व्यंजनान्त पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी, ओ किंवा ए शेवटी असेल तर नपुंसकलिंगी. आपल्या मराठीत एवढी शिस्त नाही. पण मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. आपलं ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, त्यांची ‘क्नीगा’ स्त्रीलिंगी. मऊ चिन्हाने (आधीचं व्यंजन मऊ करणाऱ्या, स्वतःचा आवाज नसलेल्या चिन्हाने) संपणारे शब्द पाठच करावे लागतात. ‘द्येन’ म्हणजे दिवस पुल्लिंगी, ‘नोच’ म्हणजे रात्र स्त्रीलिंगी, आणि या जोडीत तरी मराठीशी मेळ बसतो.

भूतकाळ बघा. तो आला, ती आली, ते आलं. रशियनमध्ये ओन प्रिशोल, अना प्रिश्ला, अनो प्रिश्लो. क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि मध्ये ‘ल’ सुद्धा आहे. अनेकवचनात ते आणखी सोपं: आले, आल्या, आली या तिन्हींना एकच ‘प्रिश्ली’. फक्त आपला ‘आ’ पुल्लिंगाचा आणि त्यांचा स्त्रीलिंगाचा, म्हणून घाईत मुलं मित्राबद्दल ‘प्रिश्ला’ म्हणून जातात. सुरुवातीचा महिनाभर ही चूक होणार, ती मोठ्याने वाक्यं म्हणूनच जाते.

विभक्तींना सगळे घाबरतात. रशियनमध्ये सहा आहेत, आपण शाळेत संबोधन धरून आठ पाठ केल्या. रशियनमध्ये प्रत्यय शब्दाला चिकटून त्याचं शेपूटच बदलतो, एवढंच. तक्ते घोकण्याआधी आपल्या गावाचं नाव चालवून बघा. लातूर व्यंजनान्त, म्हणून पुल्लिंगी (रशियन वाक्यांत ‘या’ म्हणजे मी आणि ‘मी’ म्हणजे आम्ही):

लातूर बल्शोय गोरद: लातूर मोठं शहर आहे.
या इज़ लातूरा: मी लातूरचा.
पोयिज़्द इद्योत क लातूरू: गाडी लातूरकडे चालली आहे.
या येदू व लातूर: मी लातूरला चाललोय.
मी झिव्योम पद लातूरम: आम्ही लातूरजवळ राहतो.
या झिवू व लातूर्ये: मी लातूरमध्ये राहतो.

सहाही विभक्ती झाल्या. आता जालना घ्या, तो आकारान्त म्हणून स्त्रीलिंगासारखा चालतो: ‘जालन्यात’ म्हणायला ‘व जाल्न्ये’. परभणी आणि हिंगोली कुठल्याच विभक्तीत बदलत नाहीत, कारण ईकारान्त परकी गावं रशियनमध्ये तशीच ठेवतात, दिल्लीसुद्धा. आपला तालुका, आजोळ, कॉलेजचं गाव असं सगळं चालवून बघा. अशी वाक्यं तोंडात बसली की तक्ता नुसता आठवणीसाठी राहतो. (जाता जाता सांगतो, पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा त्वेरचा व्यापारी उदगीरच्या शेजारच्या बीदरला राहून गेला आणि दख्खनबद्दल रशियनमध्ये लिहून ठेवलं. या भागातली नावं रशियन लिपीत आज पहिल्यांदाच उतरत नाहीयेत.)

द्वितीयेत एक नियम आहे जो इंग्रजी पुस्तकं दोन पानं खर्चून सांगतात. आपण म्हणतो ‘मी टेबल बघतो’, पण ‘मी विद्यार्थ्याला बघतो’. सजीव असेल तर ‘ला’, निर्जीव असेल तर काही नाही. रशियनमध्ये पुल्लिंगी शब्दांना अगदी हेच लागतं: या वीझू स्तोल, पण या वीझू स्तुद्येंता. अनेकवचनात हा भेद सर्व लिंगांना लागू होतो. मराठी येणाऱ्याला हे एका मिनिटात पटतं.

‘मला’ची वाक्यं पहिल्याच महिन्यात पाठ करा, कारण त्यांचा साचा मराठीच आहे. म्न्ये ख़ोलद्ना: मला थंडी वाजते. म्न्ये न्रावित्सा: मला आवडतं. म्न्ये द्वात्सत ल्येत: मला वीस वर्षं झाली. उ मिन्या येस्त क्नीगा: माझ्याकडे पुस्तक आहे. उ मिन्या बलीत गलवा: माझं डोकं दुखतंय, इथेही दुखणारं डोकंच कर्ता आहे. ‘तो आपलं पुस्तक वाचतो’ यातल्या ‘आपलं’साठी त्यांच्याकडे ‘स्वोय’ आहे आणि तो आपल्यासारखाच चालतो. नावाचंही तेच. आपल्या फॉर्मवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं, रशियनांचंही. शिक्षकांना ‘सर’ न म्हणता नाव आणि वडिलांवरून आलेलं नाव जोडून हाक मारतात, आणि अर्थातच ‘वी’, म्हणजे ‘तुम्ही’.

क्रियापदांच्या जोड्या मात्र वेळ खातील. जवळपास प्रत्येक क्रियापद दोन रूपांत येतं: एक चालू असलेल्या किंवा नेहमीच्या क्रियेचं, दुसरं पूर्ण झालेल्या क्रियेचं. ‘या चिताल क्नीगू’, मी पुस्तक वाचत होतो. ‘या प्रचिताल क्नीगू’, मी पुस्तक वाचून काढलं. आपलं ‘वाचून काढणं’, ‘लिहून टाकणं’, ‘खाऊन घेणं’ हे कानात ठेवलं की दुसऱ्या रूपाची चव कळते. सगळीकडे एकास एक जुळणार नाही, म्हणून क्रियापद कधीच एकटं पाठ करू नका, जोडीनेच करा. आणि लक्षात ठेवा, पूर्णतेच्या रूपाला वर्तमानकाळ नसतो, ते चालवलं की भविष्यकाळ होतो.

जाण्यायेण्याची क्रियापदंही अशीच. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. आता चाललोय ते वेगळं, रोज जातो ते वेगळं. आत्ता पायी वर्गाला निघालात तर ‘या इदू’, रोज पायी जाता तर ‘या ख़झू’. एसटीत बसून लातूरला चाललात तर ‘या येदू’. पहिल्या वर्षी चारच क्रियापदं पुरेत, उपसर्ग लावलेली रूपं पुढच्या वर्षासाठी ठेवा.

संख्या: एकनंतर शब्द साधा, दोन-तीन-चारनंतर षष्ठी एकवचन, पाचपासून षष्ठी अनेकवचन. अदीन रूब्ल, द्वा रुब्ल्या, प्यात रुब्ल्येय. एकवीस आला की पुन्हा ‘एक’च्या नियमाप्रमाणे. बाजारातल्या किमती मनातल्या मनात रशियनमध्ये बोला, दुसरा उपाय नाही.

संस्कृतशी साम्य असणारे शब्द भेटतील: द्वा, त्री, ब्रात, अगोन म्हणजे अग्नी. आनंद घ्या, पण रशियन संस्कृतातून निघाली असं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर मानू नका. दोन्ही एका जुन्या भाषाकुळातल्या बहिणी आहेत, आणि साम्याच्या भरवशावर फारतर शंभरेक शब्द लक्षात राहतात.

रोजचा पाऊण तास

पंधरा मिनिटं कालचे शब्द हाताने लिहून, आघातासह. पंधरा मिनिटं वर्गातला पाठ मोठ्याने. राहिलेली पंधरा मिनिटं फक्त ऐकणं. भाड्याच्या खोलीत मोठ्याने वाचायला संकोच वाटत असेल तर गच्चीवर जा, पण आवाज काढाच. नुसत्या डोळ्यांनी शिकलेली रशियन तोंडी परीक्षेत गप्प बसते.

ऐकण्यासाठी सुरुवातीला बातम्या नकोत. लहान मुलांची कार्टून आणि मॉस्को मेट्रोच्या उद्घोषणा घ्या, दोन्ही यूट्यूबवर मिळतात. मेट्रोत तेच वाक्य प्रत्येक स्टेशनवर येतं, “अस्तरोझ्ना, द्व्येरी ज़क्रिवायुत्सा”, सांभाळा, दारं बंद होत आहेत, आणि मग पुढच्या स्टेशनचं नाव. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा, त्यामुळे दोन्ही आवाजांची सवय होते. दहा-बारा स्टेशनं ऐकून नावं लिहून काढा आणि नकाशाशी ताडून बघा. इतका चांगला श्रुतलेखनाचा सराव मला दुसरा माहीत नाही.

बोलायला माणूस हवा. वर्गातल्या दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा तासभर मराठी बंद ठेवून बसावं. मुंबईचं रशियन हाउस, म्हणजे रशियाचं सांस्कृतिक केंद्र, भाषेचे वर्ग आणि कार्यक्रम घेतं, तिकडे जाणं झालं तर चौकशी करा. रशिया सरकारच्या शिष्यवृत्तीची माहितीही तिथे मिळते.

रशियात एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी

शिक्षण इंग्रजीतून आहे, मग भाषेची गरज काय, असं एजंट सांगतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम इंग्रजीतून, किमान ५४ महिन्यांचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांच्या इंटर्नशिपसह हवा. पण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात समोर असणारी आजी रशियनच बोलते. तिला विचारावं लागतं, “श्तो वास बिस्पकोइत?”, काय त्रास होतोय? “ग्द्ये बलीत?”, कुठे दुखतं? तिचं उत्तर कळलं नाही तर केस लिहिणार कशी? म्हणून नीटचा निकाल लागल्यापासून विमानात बसेपर्यंतचे महिने लिपी, आकडे, शरीराचे अवयव आणि ‘मला’ची वाक्यं यांवर घालवा. जे रशियन माध्यमातून शिकणार आहेत त्यांना तिकडे आधी पूर्वतयारीचं वर्ष करावं लागतं. बी-१ची पायरी प्रवेशासाठी तिथेच गाठायची असते.

तिकडे गेल्यावर पासपोर्ट आणि गुणपत्रकांचं रशियन भाषांतर नोटरीकडून करून घ्यावं लागतं, आणि त्यात तुमचं नाव रशियन अक्षरांत लिहिलं जातं. आपल्या ‘ह’साठी त्यांच्याकडे अक्षर नाही, त्यामुळे महेशचा ‘माख़ेश’ होतो. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं स्पेलिंग पडलं तर पुढे नोंदणी, विमा आणि पदवीपर्यंत तेच निस्तरत बसावं लागतं. पहिलं भाषांतर हातात आलं की सही करण्याआधी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अक्षर न् अक्षर वाचा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच स्पेलिंग मागून घ्या.